काकडी दुपारी मान टाकते, संध्याकाळी उठते: शेडनेटमधला सूत्रकृमी ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा. देऊळगाव राजा तालुक्यात १० गुंठ्यांचं शेडनेट आहे. चार वर्षं त्यात बीजोत्पादनाची काकडी आणि टोमॅटो आलटूनपालटून चालू आहे. आत्ताची काकडी ४० दिवसांची. मधल्या दोन बेडवरचे वेल दुपारी माना टाकतात, दिवस कलला की पुन्हा ताठ होतात. पानं फिकी, वाढ बाकीच्या बेडपेक्षा हातभर कमी. आधी ह्युमिक सोडलं, मग बुरशीनाशकाची आळवणी केली, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली, फरक नाही. एक जण म्हणतो मर आहे, म्हणजे वेल सुकवणारा रोग, दुसरा म्हणतो सूत्रकृमी. हे डोळ्यांनी ओळखता येतं का, आणि तपासायचं कसं?

भाऊ, आधी पुढची आळवणी थांबवा. तीन वेळा औषध सोडलं गेलं, पण मूळ एकदाही पाहिलं गेलेलं नाही, असं तुमच्या सांगण्यावरून दिसतं. यात तुम्हाला दोष देत नाही. पान समोर दिसतं, मूळ मातीत असतं, आणि कृषी केंद्रात आपण पानाचाच फोटो दाखवतो. समोरचा माणूसही पान पाहूनच बाटली देतो. पण तुम्ही सांगताय त्या दुखण्याचं उत्तर मातीच्या खाली वीतभरावर आहे आणि ते काढायला एक फावडं, एक बादली आणि अर्धा तास पुरतो.

लक्षणं वाचून माझा कल सूत्रकृमीकडेच, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीकडेच जातो. चार वर्षं तीच जमीन, काकडी आणि टोमॅटो दोन्ही त्याच्या आवडीची, नुकसान सगळीकडे सारखं नसून ठरावीक दोन बेडवर, आणि दुपारी सुकून संध्याकाळी सावरणं. तरी हा कलच आहे. खात्री मूळ देईल.

मूळ पाहायचं म्हणजे वेल उपटायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. उपटलं की जाड सोटमूळ तेवढं हातात येतं, बारीक तंतुमुळं मातीतच तुटून राहतात, आणि सूत्रकृमीमुळे येणाऱ्या गाठी नेमक्या त्या तंतुमुळांवर असतात. हे मी चुकून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी सिंदखेड राजाकडच्या एका शेडमध्ये ढोबळी मिरची अशीच फिकी पडत होती. मी दोन झाडं उपटली, मुळं झटकली, साफ दिसली. खोड थोडं तपकिरी वाटलं म्हणून मर सांगितली. त्या शेतकऱ्याने दोन महिने बुरशीनाशकावर खर्च केला. पीक काढताना माती ओली करून बेड खणला, तेव्हा मोहरीएवढ्या गाठींनी भरलेली मुळं ढेकळांसोबत वर आली. मिरचीवर गाठी लहानच येतात. काकडी-टोमॅटोसारख्या बोटाएवढ्या फुगत नाहीत. त्या माणसाचा हंगाम माझ्या घाईमुळे गेला. तेव्हापासून मी झाड खणून काढल्याशिवाय एक शब्द बोलत नाही.

तर असं करा. सकाळी, ड्रिप चालवून झाल्यावर तासाभराने जा. पूर्ण वाळलेला वेल निवडू नका. मेलेल्या वेलाची मुळं कुजलेली असतात, त्यात खायला काही उरत नाही म्हणून सूत्रकृमीही कमी होतो, आणि कुजलेल्या मुळावर दहा प्रकारच्या बुरशी चढलेल्या दिसतात. निवडायचा तो कडेचा वेल, जो आत्ताच फिका पडू लागलाय पण अजून जिवंत आहे. खोडापासून वीतभर लांब फावडं सरळ खाली घालायचं, चारी बाजूंनी, वीतभर खोल, आणि मातीच्या गड्ड्यासकट वेल उचलायचा. असा एक दुखणाऱ्या बेडच्या मधून, एक त्याच्या कडेवरून आणि एक अगदी चांगल्या बेडमधून. चांगल्या बेडमधला वेल खणायला जीवावर येतं, माहीत आहे. पण तुलनेला तो नसेल तर डोळा फसतो.

गड्डा बादलीतल्या पाण्यात अलगद ठेवा. आपली काळी माती चिकट. अर्धा तास तरी भिजू द्या. माती आपोआप सुटून तळाशी बसते. नळाची धार मारू नका, ब्रशने घासू नका. मुळं वर काढून दुसऱ्या स्वच्छ पाण्यात दोनदा बुचकळा आणि पांढऱ्या ताटात पसरा. स्टीलच्या ताटात चकाकीमुळे बारीक गोष्टी दिसत नाहीत. पांढरी चिनीमातीची बशी किंवा थर्माकोलची प्लेट बरी.

आता काय दिसतं ते पाहा. निरोगी काकडीचं मूळ पांढरं, सरळ, टोकाकडे निमुळतं होत जातं. गाठीचा सूत्रकृमी लागला असेल तर मूळ मध्येच फुगतं, पुन्हा बारीक होतं, पुन्हा फुगतं. काकडीवर या गाठी एकमेकींना जोडून आल्याच्या बारक्या तुकड्यांसारख्या दिसतात. गाठीच्या पुढे मूळ नीट वाढत नाही, बाजूला आखूड फांद्या फुटतात आणि एकूण जटा झाल्यासारखं होतं. दुपारी मान टाकण्याचं कारण इथेच आहे. सूत्रकृमी मुळाच्या आत नळ्यांपाशी बसतो, त्याच्या लाळेमुळे तिथल्या पेशी वेड्यासारख्या मोठ्या होतात, आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या दबतात, वाकड्या होतात. सकाळ-संध्याकाळ पानाची मागणी कमी असते तेवढं पाणी जातं. दुपारी बारा ते चार मागणी वाढली की नळी पुरत नाही. जमिनीत ओल असते आणि वेल तहानलेला असतो. अशा वेळी शेतकरी पाणी वाढवतो आणि त्यातून मूळकूज ओढवून घेतो. ड्रिप वाढवलं असेल तर परत जागेवर आणा.

एक गाठ घ्या आणि शिलाईच्या सुईने हळूच उकला. मुलाच्या दप्तरातलं भिंग असेल तर ते घ्या. गाठीच्या आत मोत्यासारखा पांढरा, चमकदार, खसखशीच्या दाण्याहून थोडा लहान किंवा तेवढाच एक गोळा निघतो. एका बाजूला त्याला सुरईसारखी बारीक मान असते. ती सूत्रकृमीची मादी. सुई लागली की फुटते आणि आतून दुधाळ थेंब येतो. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की पुन्हा कुणाला विचारायची गरज पडणार नाही. गाठीच्या बाहेरच्या अंगाला, सालीवर, तपकिरी-पिवळट चिकट थेंब चिकटलेला दिसला तर तो तिच्या अंड्यांचा पुंजका. एका पुंजक्यात साधारण २०० ते ५०० अंडी असतात. हे पुंजके ठळक दिसावेत म्हणून प्रयोगशाळेत रंग वापरतात. घरी मिठाईत टाकायचा लाल रंग पाण्यात गडद कालवून त्यात धुतलेली मुळं १५-२० मिनिटं ठेवली आणि साध्या पाण्यातून काढली, तरी पुंजके लाल ठिपक्यांसारखे उठून दिसतात. मूळ तेवढा रंग धरत नाही.

जमिनीचं तापमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असलं की अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा साधारण चार आठवड्यांत पुरा होतो. तुमचं पीक ४० दिवसांचं आहे. म्हणजे लागवडीच्या वेळी जमिनीत होते त्यांची पहिली पिढी अंडी घालून मोकळी झाली आणि दुसरी मुळात शिरतेय. पीक संपेपर्यंत तिसरी येईल. म्हणून हे निदान या आठवड्यात व्हायला हवं.

जे पिल्लू मुळाच्या टोकामागून आत शिरतं ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, केसापेक्षा बारीक आणि पारदर्शक असतं. माती हातात घेऊन कुणी म्हणाला की मला अळ्या दिसल्या, तर त्या दुसऱ्या कशाच्या तरी आहेत. शेणखतात पांढऱ्या दोऱ्यासारखं वळवळताना जे डोळ्यांना दिसतं ते पिकाला लागणारं नसतं. त्याच्या भीतीने शेणखत फेकून दिलेलं मी पाहिलंय. कुजक्या पदार्थांवर जगणारे सूत्रकृमी मातीत नेहमीच असतात आणि ते उपयोगीच असतात. पिकाच्या मागे लागणाऱ्याच्या तोंडात सुईसारखा भाला असतो. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

गाठी दिसल्या म्हणजे सूत्रकृमीच, असंही नाही. शेडच्या कडेला चवळी, वाल, घेवडा असेल आणि त्याची मुळं पाहिलीत तर तिथेही गाठी असतील, त्या नत्राच्या. त्या मुळाच्या अंगाला मण्यासारख्या बाहेरून चिकटलेल्या असतात, नखाने ढकलली की सुटून येतात, आणि ताजी गाठ फोडली तर आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती काढायला गेलात तर मूळ तुटेल. काकडी-टोमॅटोला नत्राच्या गाठी येतच नाहीत, त्यामुळे तुमच्या बेडवर हा गोंधळ व्हायचं कारण नाही, पण शेजारच्या पिकाशी ताडून पाहताना होतो.

मर की सूत्रकृमी, हा तुमचा खरा पेच. वेलाचं खोड जमिनीपासून चार बोटं वर धारदार ब्लेडने उभं चिरा. आतल्या नळ्यांची रेघ तपकिरी झाली असेल तर फ्युजारियम नावाच्या बुरशीची मर आहे. मरीचा वेल सुरुवातीला संध्याकाळी थोडा सावरतो, पण चार-सहा दिवसांत उठायचा बंद होतो. बऱ्याचदा एकच फांदी किंवा एकच बाजू आधी जाते. सूत्रकृमीचा वेल मात्र आठवडेच्या आठवडे हा खेळ करतो, मरत नाही आणि वाढतही नाही. टोमॅटोत हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत एकदम कोसळलं तर जिवाणूची मर पाहायची: खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवायचा, काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरते. क्षारांचं दुखणं असेल तर पानाच्या कडा जळतात आणि बेडच्या कडेला पांढरी खार दिसते. लोहाची कमतरता आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. त्यात कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, आणि वेल दुपारी मान टाकत नाही.

पण दोन्ही एकाच वेळी असणं सगळ्यात जास्त आढळतं. सूत्रकृमी मुळाला भोकं पाडतो, आतल्या पेशी रसाळ करतो, आणि फ्युजारियमला आयतं दार मिळतं. म्हणून खोड तपकिरी दिसलं की तिथेच थांबू नका, मूळही पाहा. माझी सिंदखेड राजाची चूक हीच होती. बुरशीनाशकाने आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ढासळतं, असं होत असेल तर खाली गाठी आहेत असंच धरून चाला.

आता समजा मूळ धुतलं आणि एकही गाठ सापडली नाही, तरी मूळ आखूड, मळकट, तंतुमुळं कमी. आपल्या भागात अशा वेळी मी एका दुसऱ्या सूत्रकृमीचा संशय घेतो, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, म्हणजे रेनिफॉर्म सूत्रकृमीचा. याची मादी अर्धी मुळात आणि अर्धी बाहेर असते, गाठ करत नाही. तिच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्याला मातीचे कण चिकटतात, त्यामुळे मूळ कितीही धुतलं तरी मळकटच राहतं, बारीक वाळू शिंपडल्यासारखं. भिंगातून पाहिलं तर मातीचे हे कण ठरावीक अंतराने गोळीसारखे बसलेले दिसतात. लाल रंगाची युक्ती इथेही चालते. हा कपाशीवर येतो, तुरीवर येतो, टोमॅटो, वांगी, भेंडीवर येतो, आणि गाठीच्या सूत्रकृमीपेक्षा भारी जमीन सोसतो. विदर्भात ज्या वावरात वर्षानुवर्षं पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर झाली त्याच वावराच्या कोपऱ्यात आपण शेड उभं करतो. सूत्रकृमीचं शेडच्या आधीपासून तिथे घर असतं. म्हणून शेडच्या जागेचा मागचा इतिहास मी नेहमी विचारतो. तुमच्या जागी आधी काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पऱ्हाटी-तूर असेल तर प्रयोगशाळेत हे नाव घेऊनच तपासायला सांगा. मुळावर लांबट तपकिरी डाग असतील, साल डागापाशी खचलेली असेल, तर तो डाग पाडणारा सूत्रकृमी, प्रॅटिलेंकस. भाजीच्या शेडमध्ये तो मला कमी वेळा भेटला.

वरूड, मोर्शी, काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार कधी विचारतात की संत्र्याचा सूत्रकृमी काकडीला लागेल का. तो वेगळा आहे, मुख्यतः लिंबूवर्गीय झाडांवरचा, भाजीला लागत नाही. जुन्या संत्र्याच्या बागेजवळची माती शेडमध्ये आणू नये याचं कारण दुसरं: त्या बागेत आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची झालेली असते.

काळ्या जमिनीत सूत्रकृमी येत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. गाठीच्या सूत्रकृमीला हलकी, रेताड, हवा खेळणारी माती आवडते हे खरं. पण शेड उभारताना आपण काय करतो? काळ्या मातीचा निचरा होत नाही म्हणून मुरूम, लाल माती, नदीचा गाळ ट्रॉलीने आणतो, भरपूर शेणखत मिसळतो आणि भुसभुशीत बेड करतो. त्याच्या आवडीची माती आपणच तयार करतो आणि बऱ्याचदा त्या ट्रॉलीतूनच त्याला घेऊन येतो. उघड्या वावरात एप्रिल-मे महिन्यात जमीन भेगाळते, नांगरलेली ढेकळं तापून निघतात, खायला हिरवं मूळ नसतं, तेव्हा बरेच सूत्रकृमी मरतात. शेडमध्ये वर जाळी, खाली मल्चिंग, रोज ड्रिप, बारमाही पीक; त्याला उन्हाळा लागतच नाही. १८५५ साली इंग्लंडमध्ये बर्कले नावाच्या अभ्यासकाने या गाठींची पहिली नोंद केली ती काचघरातल्या काकडीच्या मुळांवरच. तेव्हापासून त्याची आवड बदललेली नाही.

तो स्वतःहून फार लांब जात नाही. एका हंगामात जेमतेम हातभर, फार तर मीटरभर. म्हणूनच सुरुवातीला नुकसान पट्ट्यात दिसतं. तुमचे दोन बेड मधलेच का, याचा विचार करा. तिथेच गाळाची ट्रॉली रिकामी झाली होती का? रोपं ट्रेमधली होती की कुणाच्या गादीवाफ्यावरची? गादीवाफ्यावरचं रोप मी आता हातातही धरत नाही. लागवडीआधीच त्याच्या मुळावर गाठ असू शकते आणि मग प्रत्येक रोपाबरोबर तो मोजून लावल्यासारखा होतो. रोटाव्हेटर आधी कुठे फिरून आला? पट्टा बेडच्या लांबीच्या दिशेने पसरलाय की आडवा? लांबीने पसरला असेल तर औजाराने किंवा पाण्याने नेलाय. शेडच्या कडेला घोळ, काकमाची, माठ असं तण असेल तर तेही दोन-चार उपटून नाही, खणून पाहा. पीक नसताना तो तिथे राहतो.

किती लागण आहे हे मोजायचीही साधी रीत आहे. एका वेलाच्या मुळावर एक-दोन गाठी असतील तर दर्जा १, तीन ते दहा असतील तर २, अकरा ते तीस ३, एकतीस ते शंभर ४, त्याहून जास्त ५, आणि काहीच नसेल तर शून्य. दहा बेड असतील तर प्रत्येकातून दोन-तीन वेल पीक काढताना पाहायचे आणि वहीत बेडनिहाय आकडा लिहायचा. पुढच्या वर्षी कोणत्या बेडवर खर्च करायचा आणि कोणत्या नाही, हे ती वही सांगते. मी तर म्हणेन की बीजोत्पादनाचा प्लॉट संपताना मुळं तपासणं हे वजन करण्याइतकंच नेमाने व्हायला हवं, कारण तेव्हा गाठी सगळ्यात मोठ्या असतात आणि वेल तसाही काढायचाच असतो.

प्रयोगशाळेसाठी नमुना असा घ्या. दुखणाऱ्या पट्ट्याच्या कडेने, नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणी, मुळांच्या भोवतालची माती १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून. वरचा दोन बोटं कोरडा थर बाजूला सारायचा. सगळी माती घमेल्यात हलक्या हाताने मिसळून त्यातली अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत मूठभर तंतुमुळं त्याच मातीत ठेवून. पिशवीचं तोंड बांधा, बाहेर चिठ्ठी लावा: पीक, वय, बेड, तारीख, आधीचं पीक. पिशवी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात दोन तासांत आतला जीव मरतो, आणि अहवाल येतो शून्य. मातीपरीक्षणासारखी वाळवून चाळून तर अजिबात द्यायची नाही. हे नेहमी होतं, कारण लोकांना तीच सवय असते. एक-दोन दिवसांत पोचवा. साध्या मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत सूत्रकृमी मोजत नाहीत. आधी फोन करून बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही सूत्रकृमींवर अखिल भारतीय प्रकल्पाचं काम चाललेलं आहे.

अहवालात आकडा येईल, सोबत नावं येतील. भाजीपाल्यात लागवडीच्या वेळी एक ग्रॅम मातीत गाठीच्या सूत्रकृमीची एक-दोन पिल्लं म्हणजे धोक्याची पातळी मानतात. पीक उभं असताना घेतलेला नमुना आणि जमीन महिनाभर पडून असताना घेतलेला नमुना यांचे आकडे मात्र सारखे वाचायचे नाहीत. दुसऱ्यात आकडा कमी येतो पण अंडी मातीत असतात. गाठीच्या सूत्रकृमीतही जाती आहेत. आपल्याकडे भाजीत इनकॉग्निटा आणि जावानिका या दोन मुख्य. मादीच्या शेपटीकडच्या भागावर बोटाच्या ठशासारख्या रेघा असतात, त्यावरून तज्ज्ञ जात ओळखतात. घरच्या घरी एवढाच अंदाज: त्याच बेडवर टोमॅटोला भरपूर गाठी आणि ढोबळी मिरचीला जवळपास काहीच नाही, असं असेल तर जावानिका असण्याची शक्यता जास्त.

प्रयोगशाळा लांब पडते, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी एक जुनी, भरवशाची चाचणी घरी करा. दुखणाऱ्या दोन बेडची माती मिसळून सहा पिशव्या किंवा कुंड्या भरा. तीन तशाच ठेवा. उरलेल्या तिन्हींची माती घमेल्यात ओली करून चुलीवर चांगली वाफ निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास भाजा, थंड करा आणि मग भरा. सगळ्यांत काकडीचं बी टोका, सारखं पाणी द्या, सावलीत पण उजेडात ठेवा. महिनाभराने सहाही पिशव्या पाण्यात सोडून मुळं पाहा. न भाजलेल्या मातीत गाठी आणि भाजलेल्या मातीत स्वच्छ मूळ आलं तर दुसरा पुरावा नको. नवीन शेडसाठी गाळ किंवा लाल माती आणायच्या आधी त्याच्या चार घमेल्यांवर हीच चाचणी केली, तर चार वर्षांचं दुखणं ट्रॉलीतच थांबतं.

विचारलंत ओळखण्याबद्दल, तरी सापडल्यावर काय, हे अर्धवट ठेवत नाही. उभ्या पिकातला सूत्रकृमी संपत नाही, त्याला फक्त थोपवता येतं. पाणी थोडं थोडं, दिवसातून दोन-तीन वेळा. निंबोळी पेंडीसोबत पॅसिलोमायसिस लिलासिनससारखी जैविक बुरशी, जी त्याच्या अंड्यांवर जगते. फ्लुओपायरम, फ्लुएन्सल्फोनसारखी नवी सूत्रकृमीनाशकं आहेत. लेबलवर तुमचं पीक आहे का आणि तोडणीआधी किती दिवस सोडायचे ते वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि बीजोत्पादन असल्याने कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय तर नाहीच. फोरेट हे जुनं कीटकनाशक कुणी दिलं तर परत करा, २०२० च्या डिसेंबरअखेरीपासून त्यावर बंदी आहे.

खरं काम पीक निघाल्यावरचं. वेल कापून मुळं बेडमध्ये सोडायची सवय मोडा. ओल्या बेडमधून मुळं खणून काढा, उन्हात कडक वाळवा आणि जाळा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. मग उन्हाचा उपयोग करा. विदर्भाचं ऊन इथे आपल्या बाजूने आहे. एप्रिलच्या मध्यापासून बेड भिजवून त्यावर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद, कडा मातीत गाडून, चार ते सहा आठवडे. नवतपा संपेपर्यंत राहिला तर उत्तम. मात्र तुमचं शेडनेट आहे, पॉलिहाऊस नाही. जाळी वर ताणलेली असेल तर निम्मं ऊन वरच अडतं आणि कागदाखाली माती हवी तेवढी तापत नाही. कागद अंथरायच्या आधी जाळी गुंडाळून बाजूला घ्या. काळा मल्चिंग कागदही चालत नाही, पारदर्शकच हवा. यातून वरचा वीतभर थर साफ होतो, खालचे वाचतात, म्हणून नंतर बेड खोल उलटू नका. वरच्या वर मोकळा करून निंबोळी पेंड चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम मिसळा आणि रोपं ट्रेमधलीच लावा.

झेंडू लावा असं सगळे सांगतात. शेडच्या कडेने दसऱ्यापुरती दोन ओळी झेंडू लावून काही होत नाही. बेडवर दुसरं काही न लावता दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवला, तण होऊ दिलं नाही, तर फरक पडतो. आणि टोमॅटोचं प्रतिकारक वाण घ्यायचं ठरवलंत तर एक गोष्ट विचारून घ्या. त्यातलं जे एमआय नावाचं जनुक असतं ते जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की कमजोर पडतं. आपल्या शेडमध्ये मार्चनंतर ते तापमान रोजचंच. त्यामुळे असं वाण पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीत लावा, उन्हाळी लावणीत त्याच्या भरवशावर राहू नका. पेरूची कलमं शेडच्या सावलीत ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, तीही सोडा. पेरूवर अलीकडे जी गाठीच्या सूत्रकृमीची जात पसरतेय तिच्यापुढे हे जनुक चालत नाही आणि ती टोमॅटो-मिरचीवरही येते.

उद्या सकाळी तीन वेल खणलेत की धुतलेली मुळं पांढऱ्या बशीत एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढा, बेडचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा. खोडाच्या चिरेचाही एक काढा. ते फोटो मला पाठवा, सोबत शेडच्या आधी त्या जागेत काय पीक होतं आणि बेडची माती कुठून आणली होती तेही लिहा.